ग्रहणशीलता : एका शास्त्रीय शब्दाचे चरित्र

शास्त्रांच्या इतिहासात शोधांची आणि शोधकांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. पण ज्या शब्दांच्या आधारे ते शोध मांडले गेले, त्या शब्दांच्या चरित्राकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः शब्दही जन्मास येतात, एका घरातून दुसऱ्या घरात दत्तक जातात, आणि नव्या घरी नवे वळण लावून घेतात. आज आम्ही वाचकांपुढे असाच एक शब्द ठेवीत आहो. इंग्रजीत त्यास ‘ससेप्टिबिलिटी’ म्हणतात. मराठीत कोणी त्यास ग्रहणशीलता म्हणतो, कोणी प्रवणता, तर कोणी संवेदनशीलता. चुंबकाचा अभ्यास करणारा हा शब्द लोखंडास आणि पाण्यास लावतो, वैद्य तो रोग्यास लावतो, जंतुशास्त्रज्ञ जंतूस लावतो, आणि भूशास्त्रज्ञ डोंगरास लावतो. लोखंड, रोगी, जंतू आणि डोंगर या चौघांत असे समान ते काय असावे, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर शोधू लागले असता असे दिसून येते की, या शब्दाचा इतिहास केवळ विद्वानांच्या कौतुकाचा विषय नाही. संकटात सापडलेल्या माणसास दोष द्यावयाचा की त्याच्या संकटाचे कारण शोधावयाचे, हा वाद त्याच्या पोटात दडलेला आहे.

मूळ शब्द लॅटिन आहे. ‘खालून’ या अर्थाचे उपपद आणि ‘घेणे’ या अर्थाचा धातू मिळून त्याची घडण झाली. खाली हात धरून एखादी वस्तू उचलून घ्यावी, असा त्याचा भाव. म्हणजे घेणारा आणि येणारे, अशा दोन पक्षांवाचून या शब्दास अर्थच नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व घोटाळे यांतील एक पक्ष विसरल्यामुळे झालेले आहेत.

वैद्यकात ही कल्पना फार जुनी आहे. एकच अपथ्य दहा जणांनी केले असता दहाही जण आजारी पडत नाहीत, हे कोणत्याही वैद्याच्या नजरेतून सुटणारे नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्याधिक्षमत्व’ असा शब्द आलेला असून, सर्वच शरीरे रोगास सारख्याच बळाने तोंड देऊ शकत नाहीत, असे तेथे सांगितले आहे. अतिस्थूल, अतिकृश, दुर्बल, अयोग्य आहारावर वाढलेली, अशा शरीरांची गणतीही तेथे केलेली आढळते. मात्र आमच्याकडील शब्द रोगास अडविणाऱ्या शक्तीचा आहे, तर पाश्चात्त्यांचा शब्द रोगास आत घेणाऱ्या शक्तीचा आहे. एकाने दाराचा अडसर पाहिला, तर दुसऱ्याने उघडी फट पाहिली.

युरोपातील जुन्या वैद्यकात या कल्पनेचा उपयोग पुष्कळदा अज्ञान झाकण्याकडे होई. अमुक मनुष्य रोगाने का मेला? तर त्याची प्रकृतीच तशी होती म्हणून. आणि त्याची प्रकृती तशी होती हे कशावरून? तर तो मेला त्यावरून! या वर्तुळातून बाहेर पडण्याचा मार्ग प्रथम ज्यांनी स्वच्छ दाखविला, त्यांत पीटर लुडविग पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांची गणना केली पाहिजे. १८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा डेन्मार्कच्या सरकारने पानुम यांस तेथे धाडले. बेटांवरील वस्ती सुमारे पावणेआठ हजारांची, आणि त्यांतील सुमारे सहा हजार माणसे काही महिन्यांत आजारी पडली. गोवर हा मुलांचा रोग अशी सर्वांची समजूत. पण येथे तरुण, प्रौढ आणि वृद्ध सारेच अंथरुणास खिळले होते. पानुम यांनी गावोगाव, घरोघर हिंडून चौकशी केली, तेव्हा एक मार्मिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यापूर्वीची साथ १७८१ साली येऊन गेली होती. तीत ज्यांस गोवर झाला होता, असे जे वृद्ध अद्याप हयात होते त्यांपैकी कोणासही तो पुन्हा झाला नाही. आणि ज्या वृद्धांस तो त्या वेळी झाला नव्हता, त्यांस वाढलेले वयही वाचवू शकले नाही.

पासष्ट वर्षांपूर्वीचे दुखणे शरीराने विस्मरणात टाकले नव्हते. तेव्हा कोण आजारी पडणार, याचे उत्तर प्रकृतीच्या जन्मजात बऱ्यावाईटपणात नसून त्या शरीराच्या पूर्वेतिहासात आहे, हे पानुम यांनी दाखवून दिले. फेरोचे लोक दुर्बल नव्हते. दर्यावर जाणारी ती काटक माणसे होती. गोवराची त्यांस ओळख नव्हती, एवढेच.

पानुम बेटांवर हिंडत होते त्याच्या आदल्याच वर्षी, १८४५ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे एका जड काचेचा तुकडा चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगून पाहत होते. लोखंड असते तर ते टोकांकडे खेचले गेले असते. ही काच मात्र आडवी फिरून उभी राहिली, जणू चुंबकापासून अंग चोरीत होती. मग फॅरडे यांनी हाती येईल तो पदार्थ टांगून पाहिला. लाकूड, मांस, सफरचंद, पाव, सारे आडवे फिरले. मनुष्यासही पुरेशा नाजूकपणे टांगता आले तर तोही आडवाच फिरेल, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. चुंबकाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही असे जे पदार्थ समजले जात, तेही चुंबकास काही ना काही उत्तर देतातच, हा या प्रयोगांचा निष्कर्ष.

उत्तर सर्वच देतात, तर ते किती देतात हे मोजले पाहिजे. विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, त्यांच्या पिढीने चुंबकत्वाच्या शास्त्रास गणिताची शिस्त लावली, आणि ‘ससेप्टिबिलिटी’ हा शब्द त्या शास्त्रात एका मोजमापाचे नाव म्हणून स्थिरावला. त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. बाहेरून चुंबकाचा प्रभाव किती, आणि त्यामुळे पदार्थात उत्पन्न झालेले चुंबकत्व किती, या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे त्या पदार्थाची ग्रहणशीलता. मऊ लोखंडाचा हा आकडा हजारांत जातो; ॲल्युमिनियमचा एकाच्या लाखाव्या भागाच्या दुपटीएवढा भरतो; आणि पाण्याचा तर शून्याच्याही खाली, उणे, एकाच्या दहालाखाव्या भागाच्या नऊपट असा येतो. येथे स्तुती नाही की निंदा नाही. बिस्मथ या धातूस चुंबक दूर लोटतो म्हणून त्यास कोणी हट्टी म्हणत नाही, आणि लोखंड खेचले जाते म्हणून त्यास कोणी दुबळ्या मनाचे म्हणत नाही.

हा आकडा तरी पदार्थाच्या कपाळी कायमचा लिहिलेला असतो काय? याचे उत्तर पिअर क्युरी यांनी १८९५ साली दिले. प्राणवायूसारख्या, चुंबकाकडे किंचित ओढल्या जाणाऱ्या पदार्थांची ग्रहणशीलता त्यांनी निरनिराळ्या उष्णमानांवर मोजली. निरपेक्ष उष्णमान दुप्पट झाले की ग्रहणशीलता निम्मी होते, असा नियम त्यांस आढळला. लोखंडाची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. सुमारे ७७० अंश शतमान उष्णतेपलीकडे त्याचे प्रसिद्ध चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते, आणि लोखंडासारखे लोखंड सामान्य धातूंच्या पंक्तीस येऊन बसते. पुढे १९०५ साली पॉल लांजव्हँ यांनी यांतील काही पदार्थांपुरती उपपत्ती सांगितली : कणांतील सूक्ष्म चुंबकांस बाहेरचा चुंबक एका दिशेस वळवू पाहतो आणि उष्णता त्यांस अस्ताव्यस्त करू पाहते, या ओढाताणीत जे शिल्लक उरते तेवढेच आम्ही मोजतो.

पदार्थविज्ञानाने अशा रीतीने या शब्दास दोन प्रश्न जोडून दिले. ग्रहणशीलता कशाविषयी? आणि कोणत्या स्थितीत? ही दोन उत्तरे मिळाल्यावाचून त्या शास्त्रात नुसती ‘ग्रहणशीलता’ सांगणे म्हणजे गावाचे नाव न सांगता अंतर सांगण्यासारखे आहे.

याच काळात वैद्यकात मात्र मोठी धुमश्चक्री चालू होती. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू १८८४ पर्यंत दाखवून दिला, आणि जंतू हेच रोगाचे कारण असा जयघोष सुरू झाला. म्युनिकचे वृद्ध आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांस हे मान्य नव्हते. केवळ जंतू पुरत नाही. जमीन, ऋतू आणि मनुष्याची अंगची अनुकूलता यांचाही संयोग व्हावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी ऑक्टोबर १८९२ मध्ये त्यांनी पटकीच्या जंतूंनी भरलेले पाणी स्वतः पिऊन दाखविले. त्यांस थोडे जुलाब झाले, आणि ते वाचले! परंतु त्याच वर्षी हँबुर्ग शहरात पटकीने सुमारे साडेआठ हजार माणसे मेली होती, आणि त्या शहरास नदीचे पाणी न गाळता पुरविले जात होते. पेटेनकोफर यांचे अर्धे म्हणणे खरे होते. सर्व शरीरे जंतूस सारखी वश होत नाहीत. पण त्या अर्ध्या सत्यावर विसंबून जे शहर आपले पाणी स्वच्छ करीत नाही, त्याच्या नागरिकांची प्रकृती कितीही उत्तम असली तरी ती किती पुरणार?

आता आम्ही वाचकांस आपल्याच मुंबईत घेऊन येतो. कारण या शब्दाच्या चरित्रातील एक महत्त्वाचे प्रकरण येथे घडले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये बंदराजवळच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियु व्हिएगस यांनी ओळखले. पुढील कहाणी मराठी घराघरांत ऐकलेली आहे : ओस पडलेल्या चाळी, गाड्यांवर लोटलेली गर्दी, १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातील घरझडत्या आणि २२ जून १८९७ ची रँड यांच्यावरील गोळी. त्याच साथीत रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांस प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

त्या दिवसांत बरीच युरोपियन मंडळी प्लेगपासून सुरक्षित राहत आणि गोरगरीब मरत, ही गोष्ट सर्वांस दिसत होती. तिचे कारण एतद्देशीयांची घाण, त्यांच्या सवयी, त्यांचे राहणे असे सांगण्याकडे अधिकाऱ्यांचा मोठा कल होता. खरे कारण निराळेच निघाले. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हा रोग पसरविते असे दाखविले, आणि पुढे १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संशोधन-मंडळाने ते निःसंशय ठरविले. धान्याच्या वखारींजवळ दाटीने राहणाऱ्या माणसांच्या पायांखाली उंदीर होते. ऐसपैस बंगल्यांत राहणारांच्या पायांखाली ते फारसे नव्हते. रक्त दोघांचेही सारखेच होते. ज्यास लोक रोगप्रवण स्वभाव समजत होते, तो पुष्कळ अंशी घराच्या भिंतींचा आणि जमिनीचा गुण होता.

आणि उंदरांची तरी ग्रहणशीलता कायम राहिली काय? परळच्या प्रयोगशाळेत, जी आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, पुढील काळात असे दिसून आले की, प्लेगचे जंतू टोचले असता मुंबईचे उंदीर बहुसंख्येने जगतात. परंतु जे शहर प्लेगपासून बहुतांशी मुक्त राहिले होते त्या मद्रासचे उंदीर भराभर मरतात. वर्षानुवर्षांच्या साथींत मुंबईतील दुबळे उंदीर संपले होते आणि तग धरणाऱ्यांची प्रजा उरली होती. जात एक, रोग एक. पण दोन शहरांचा इतिहास भिन्न, म्हणून ग्रहणशीलताही भिन्न. फेरोच्या वृद्धांनी जे एका आयुष्यात दाखविले, तेच मुंबईच्या उंदरांनी पिढ्यांच्या हिशेबाने दाखविले.

मुंबईच्या याच प्लेगने वैद्यकातील ग्रहणशीलतेस गणितात नेले. अँडरसन मॅक्केन्ड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर. कसौली येथील पाश्चर संस्थेचे ते काही वर्षे प्रमुख होते. स्कॉटलंडला परतल्यावर, प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले विल्यम कर्मॅक आणि ते, अशा दोघांनी १९२७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनी समाजाचे भाग पाडले : रोग होऊ शकेल असे, रोग झालेले, आणि बरे होऊन अथवा मरून त्यातून बाहेर पडलेले. पहिल्या गटास जे नाव त्यांनी वापरले, ते म्हणजे हाच आमचा शब्द. आपल्या समीकरणाची पडताळणी म्हणून त्यांनी जी वक्ररेषा छापली, ती डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगबळींची आठवडावार रेषा होय.

या निबंधातून निघालेला सिद्धांत सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट आहे. साथ ओसरते ती रोग होण्याजोगी सर्व माणसे संपली म्हणून नव्हे. एक रोगी बरा होण्यापूर्वी अथवा मरण्यापूर्वी सरासरीने एकाहून अधिकांस रोग देत असेल तर साथ वाढते. भोवतालची ग्रहणशील माणसे कमी होत जाऊन तो एकाहून कमी जणांस देऊ लागला की साथ उतरते. पुष्कळ माणसे रोग न होताच मागे उरतात, आणि त्यांस वाचविणारे बळ त्यांच्या अंगी नसून त्यांच्या शेजाऱ्यांच्या अंगी असते. लसीचा सामाजिक अर्थ तो हाच. २०२० साली कोविडच्या साथीत जे आकडे आणि ज्या रेषा घरोघर चर्चिल्या गेल्या, त्यांचे मूळ या निबंधात आहे. प्लेगाचे सारे खरे नाटक उंदरांत चालते आणि माणसातील साथ ही त्याची केवळ पडछाया असते, हे निबंधकारांस ठाऊक होते. ऋतुमानाचा विचार त्यांच्या रेषेत पुरेसा आलेला नाही, असे पुढील गणितज्ञांनी दाखविले आहे. परंतु ‘तुझी प्रकृतीच तशी’ या वाक्याच्या जागी ‘तुझ्या भोवती किती जण, आणि कोणत्या स्थितीत’ हा प्रश्न आला, हे या निबंधाचे खरे कार्य होय.

येथवर ग्रहणशीलता ही भिण्याजोगी गोष्ट होती; जंतुशास्त्रात मात्र ती प्रार्थनीय ठरते. घरातील कोणी दीर्घकाळ तापाने आजारी असले, म्हणजे प्रयोगशाळेतून जो ‘कल्चर’चा कागद येतो, त्यावर औषधांच्या नावांपुढे ‘एस’ आणि ‘आर’ अशी अक्षरे असतात. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधास वश होतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही. येथे ग्रहणशील आहे तो शत्रू, आणि तो तसाच राहावा अशी आपली इच्छा. पण मुंबईच्या उंदरांचा धडा येथेही लागू पडतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता की, पेनिसिलीन अपुऱ्या मात्रेने घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट ते औषध सोसण्यास शिकतील. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडून देणारे, आणि साध्या पडशावर जंतुनाशक मागणारे, असे आपण सारेच आज त्या इशाऱ्याचे फळ भोगीत आहो. जंतूची ग्रहणशीलता ही जणू सर्व समाजाच्या मालकीची ठेव आहे, आणि ती आपण उधळीत आहो.

शरीराच्या घडणीतही हा शब्द एकतर्फी राहत नाही. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, ज्या रक्तदोषाचे बीज आईबाप दोघांकडून आले तर सिकलसेलचा गंभीर आजार होतो, तेच बीज एकाकडूनच आले तर घातक हिवतापापासून बचाव होतो. आपल्याकडे नंदुरबार आणि गडचिरोलीकडील पुष्कळ कुटुंबांस या आजाराचे दुःख ठाऊक आहे. त्यांच्या पूर्वजांस हिवतापाच्या रानात ज्याने तारले, तेच आज त्यांच्या काही लेकरांस छळीत आहे. मग हे रक्त ‘दुबळे’ म्हणावे की ‘बळकट’? कशाविरुद्ध, हे सांगितल्यावाचून उत्तर देता येत नाही.

शेवटी डोंगराकडे वळू. ‘प्रवण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘उताराचा’ असा आहे. म्हणून ‘दरडप्रवण’ हा आपला शब्द इंग्रजीहूनही नेमका आहे असे आम्हांस वाटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर धोक्याच्या गावांच्या याद्यांची चर्चा पुष्कळ झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाकडून विधिमंडळात सांगण्यात आले. उतार, माती, खडक आणि झाडी यांवरून काढलेला नकाशा डोंगराची प्रवणता सांगतो. परंतु किती पाऊस, किती तासांत, आणि खाली कोण झोपलेले आहे, हे तो सांगत नाही. शास्त्राचा तो दोष नव्हे. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे मानणाऱ्यांचा तो दोष आहे.

अशी ही एका शब्दाची यात्रा. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, चुंबकाच्या शास्त्राने जे दोन प्रश्न या शब्दास पहिल्यापासून जोडून दिले, ते माणसांच्या बाबतीत विचारण्यास आम्हांस फार वेळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत चाळींतील व वाड्यांवरील माणसांनी दिली. लोखंडाविषयी बोलताना आपण चुंबक आणि उष्णमान विसरत नाही; गरिबाविषयी बोलताना मात्र त्याचे घर, त्याचे पाणी आणि त्याच्या डोंगराचा उतार सहज विसरतो. मुलगा वरचेवर आजारी पडतो, अमुक वस्तीत रोग फार, तमुक लोक तसेच, अशी वाक्ये आपल्या बैठकीत नित्य उच्चारली जातात. पुढच्या वेळी असे वाक्य ओठांवर आले, तर वाचकांनी क्षणभर थांबून ‘कशाविषयी, आणि कोणत्या स्थितीत?’ एवढे स्वतःस विचारावे, इतकीच आमची विनंती आहे.